समोरासमोरची स्वयंपाकघरं

आप्पांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा तेजस्वीला तो बाबांना सांगावासा वाटेना.

"पोरी, मी वायट मनात ठेवून बोलत नाय," आप्पा म्हणाले. "पन ही रानातली जागा हाय. रातचा डुक्कर येतो, कदी वाघरू फिरतं. ह्या चौघांत एकालापन ऐकू येत नाय. ही मानसं हितं ऱ्हानार कशी?"

लांज्यापासून आत, जिथं डांबरी रस्ता संपून लाल मातीची गाडीवाट लागते, तिथं आप्पांची ही जमीन होती. वर उघडा कातळ, उतरणीला काजू आणि रातांब्याची झाडं, तळाला भाताची चार लहान खाचरं आणि त्यांच्या कडेला विहीर. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेली होती. दगडी गडग्यापलीकडच्या लहान घरात ते एकटेच राहत आणि एवढी जमीन आता त्यांना झेपत नव्हती. विकायची होती, पण विकून झाल्यावर आपण शेजारी म्हणून इथंच राहणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून गिऱ्हाईक पारखून घेत होते.

ती चौघं फणसाच्या सावलीत उभी होती. तेजस्वीचे बाबा विनोद रत्नागिरीतल्या एका लाकडी सामानाच्या कारखान्यात सुतारकाम करत. आई निशिगंधा घरी ब्लाउज शिवायची. त्यांच्या शेजारी अस्लमचाचा, मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे, आणि त्यांची बायको मैमुनाचाची. चौघंही लहानपणापासून बहिरी. चौघांची बोली हातांची. ऐकू येणारी एकटी तेजस्वी. ती बोलायला शिकली ती शेजाऱ्यांकडून आणि आजीकडून, पण त्याआधी तिला खुणा येत होत्या. चार वर्षांची असल्यापासून ती आईबाबांच्या आणि जगाच्या मधे उभी राहत आली होती. दुधवाला, घरमालक, बँक, दवाखाना. आता ती तेवीस वर्षांची होती.

लहानपणी ती लोकांचं बोलणं गाळून सांगायची. कुणी "त्या मुक्याला विचार" म्हणालं तर "त्यांना विचार" एवढंच सांगायची. बाबांनी ते एकदा ओळखलं. "तू गाळणी होऊ नकोस," त्यांनी हातांनी तिला सांगितलं होतं. "जसं येतं तसं दे."

म्हणून तिनं आप्पांचा प्रश्न दिला. डुकरासकट, वाघरासकट.

बाबांनी तो नीट पाहून घेतला. मग हात हलवत म्हणाले, "त्यांना विचार, डुकराचा आवाज आला की ते स्वतः काय करतात?"

तेजस्वीनं विचारलं. आप्पांनी डोकं खाजवलं. मग त्यांच्या मिशीखाली हसू हललं.

"काय करनार? गोधडी वढून घेतो आनि निजतो."

ते ऐकून, म्हणजे तेजस्वीच्या हातांतून बघून, बाबा म्हणाले, "मग मीही निजतोच. गोधडी न ओढता."

मैमुनाचाची आधी हसली. मग सगळेच हसले. हसता हसता आप्पांनी कानामागे हात धरून तेजस्वीला विचारलं, "काय म्हनालीस? परत बोल." तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आप्पांनाही नीट ऐकू येत नव्हतं.

ही जमीन घ्यायचं स्वप्न जुनं होतं. विनोद मंडणगडकडच्या डोंगरातल्या गावचे आणि अस्लम गुहागरच्या किनाऱ्याचे. शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत दोघं एकाच वर्षी दाखल झाले आणि वसतिगृहात त्यांच्या खाटा शेजारी आल्या. दिवे मालवले, की खुणा दिसायच्या बंद व्हायच्या. मग ते एकमेकांच्या तळहातावर बोटांनी बोलायचे. मोठं झाल्यावर आपण एका जागी राहायचं, हे त्या अंधारातच ठरलेलं होतं. पुढं नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. रत्नागिरीत दोन टोकांना भाड्याच्या खोल्या मिळाल्या. दर रविवारी संध्याकाळी दोन्ही कुटुंबं मांडवीच्या जेट्टीवर जाऊन एखाद्या दिव्याखाली बसायची आणि आठवड्याभराचं बोलून घ्यायची. बाकीचे दिवस ऐकणाऱ्यांच्या जगात काढायचे.

आता दोघांचीही पन्नाशी उलटली होती. अस्लमचाचांची मुलं कतारला होती. विनोद आणि अस्लम, दोघांचीही नावं आपापल्या गावच्या सातबाऱ्यावर होती, त्यामुळं शेतजमीन घ्यायला कायद्याची अडचण नव्हती. बेत साधा होता. दोन घरं बांधायची. भात, नाचणी, कुळीथ, भाजी आपली आपण पिकवायची. कोंबड्या पाळायच्या, रातांब्यांची आमसुलं करायची. मीठ, साखर आणि चहाची पावडर तेवढी लांज्याच्या बाजारातून आणायची. आणि एक खोली जादा ठेवायची. त्यांच्यासारखं कुणी, एकटं पडलेलं, राहायला आलं तर असावी म्हणून.

"चहाची पावडर तरी चांगली आणा," मैमुनाचाची प्रत्येक वेळी म्हणायची.

आप्पांनी जमीन द्यायचं कबूल केलं, फक्त फणस तोडायचा नाही म्हणाले. बाबा पटकन हो म्हणाले आणि मग अडचणीत आले. त्यांच्या मनातला नकाशा असा होता, की दोन घरांची स्वयंपाकघरं समोरासमोर यावीत आणि दोन्हींना मोठ्या खिडक्या असाव्यात. म्हणजे भाकऱ्या थापताना निशिगंधा आणि मैमुना अंगणापलीकडून एकमेकींशी बोलू शकतील. त्या दोन खिडक्यांच्या बरोबर मधे फणस उभा होता.

बाबांनी कुदळीच्या दांड्यानं मातीत रेघा मारल्या, पुसल्या, परत मारल्या. शेवटी अस्लमचाचांना खालच्या खिडकीच्या जागी उभं केलं आणि स्वतः वर जाऊन खुणा करत राहिले. "दिसतंय का?" "नाही." चार पावलं उजवीकडं. "आता?" "अर्धा दिसतोस." असं करत दोन्ही घरं उतारावर थोडी खाली सरकली आणि फणस अंगणाच्या कोपऱ्यात आला. आप्पा गडग्यावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी बिडी पेटवायला काढली होती, ती तशीच हातात राहिली.

खरेदीखताच्या दिवशी तेजस्वीनं लॅबमधून सुट्टी घेतली. ती रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये काम करत होती. सकाळच्या एसटीनं सगळे लांज्याला पोचले. कार्यालयाच्या व्हरांड्यात बाबा थांबले आणि तिच्याकडं वळले.

"तू बाहेर बस," ते म्हणाले.

"का? साहेब काही विचारतील ना."

"विचारू देत. मी लिहून उत्तर देईन. वकिलांशी तसं ठरलंय."

"पण मी आलेय ना इथं."

"म्हणूनच सांगतोय. बाहेर बस. हवं तर चहा घे."

चौघं आत गेली, आप्पा त्यांच्या मागून. तेजस्वी बाकावर बसली. समोर रिक्षा येत होत्या, जात होत्या. एक बाई काजूगराच्या पिशव्या मांडून बसली होती. आतून खुर्च्या सरकल्याचे आणि कुणाच्या तरी खोकल्याचे आवाज येत होते, पण शब्द लागत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा आईबाबा एका बंद खोलीत कुणाशी तरी महत्त्वाचं बोलत होते आणि तिला ते ठाऊक नव्हतं. तिच्या हातांना काय करावं ते सुचेना. तिनं ते मांडीखाली दाबून धरले. मनात काळजी होती आणि काळजीच्या खाली एक लहान, बोचरा रागही होता.

बऱ्याच वेळानं सगळे बाहेर आले. आईचे डोळे ओले होते, चाचीच्या चेहऱ्यावर हसू होतं. आप्पा येऊन तेजस्वीच्या शेजारी बसले.

"सायबानं इचारलं, सगला समजून सही करताय ना," ते म्हणाले. "तुज्या बापानं कागद वढला आनि लिवलं. सायबानं ते मोठ्यानं वाचलं. 'जमीन मी पाहिली. विहीर पाहिली. शेजारी पाहिला. पसंत आहे.'" आप्पांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "शेजारी पाहिला म्हनं. माज्यासारक्याला कोन पसंत करतंय आता ह्या वयात."

तेजस्वीला हसू आलं. पण परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून बाहेर बघत राहिली. आईनं दोनदा तिच्या खांद्याला हात लावून विचारलं, "काय झालं?" आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "काही नाही."

दिवाळीनंतर बांधकाम सुरू झालं. जवळच्या खाणीतून जांभ्याचे चिरे आले, गवंडी लांज्याहून यायचे. बाबांनी कारखान्यातली नोकरी सोडली आणि दारं-खिडक्या स्वतः करायला घेतल्या. आठवड्यातले बरेच दिवस ते तिथंच आप्पांच्या पडवीत मुक्काम करायचे. त्याच सुमारास तेजस्वीला पुण्यातल्या एका मोठ्या लॅबमधून नोकरीचं बोलावणं आलं. तिनं अर्ज केला होता खरा, पण येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती जावं की न जावं या विचारात होती, तेवढ्यात बाबा पडले.

त्या दिवशी गावात जत्रा होती म्हणून गवंडी आले नव्हते. बाबा एकटेच परांचीवर चढून वरच्या थराची पातळी बघत होते. फळी सरकली. ते खाली चिऱ्यांवर आदळले आणि उजवा पाय घोट्याच्या वर मोडला. फोन दूर सिमेंटच्या गोणीवर राहिला होता. हाताशी एक लोखंडी घमेलं होतं, ते दगडानं वाजवत ते पडून राहिले. गडग्यापलीकडं आप्पा गुरांना पेंढा घालत होते. त्यांना ते ऐकू आलं नाही. दुपार टळून गेल्यावर अस्लमचाचा एसटीतून उतरून चालत आले, तेव्हा त्यांना विनोद चिऱ्यांच्या आडोशाला सापडले. घमेल्याला पोचे पडले होते.

दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टरांना आणि बाबांना काय हवं, काय नको, ते सगळं तेजस्वीनंच इकडून तिकडं पोचवलं. बाबा म्हणाले, "बरी आलीस." घरी आल्यावर तिनं पुण्याच्या लॅबला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी दुपारी तिनं ते आईला सांगितलं. बाबा कॉटवर पाय उशीवर ठेवून झोपले होते. आई मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवलं, सुई कापडातच राहू दिली आणि खुर्ची फिरवून तेजस्वीकडं तोंड केलं.

"का नाही म्हणालीस?"

"बघितलंस ना काय झालं ते? कुणाला ऐकू आलं नाही. उद्या तुला काही झालं, चाचीला झालं, तर? मी तुमच्याबरोबर तिकडं राहीन. लांज्यात काहीतरी काम बघेन."

"नको," आई म्हणाली.

"नको म्हणजे?"

"ती जागा आम्ही तुझ्यासाठी घेतली नाही. म्हणजे, तुझ्यासाठीच घेतली. पण तू तिथं राहावंस म्हणून नाही."

तेजस्वीला कळलं नाही. तिच्या हातांना राग चढला, खुणा मोठ्या आणि तुटक झाल्या. "रजिस्ट्रेशनला मला बाहेर बसवलंत. आता हे. मी तुम्हाला नकोच झालेय का?"

आईनं पुढं होऊन तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. ज्यांची भाषाच हातांची, त्यांच्यात असं हात धरणं म्हणजे तोंडावर हात ठेवण्यासारखं असतं. तेजस्वी लहान असताना हट्ट करायची, तेव्हा आई असं करायची. थोड्या वेळानं आईनं ते सोडले आणि आपले हात वर घेतले. आता ती सावकाश बोलत होती.

"तू तिसरीत होतीस. माझं सातव्या महिन्याचं पोट होतं. आठवतंय?"

तेजस्वीनं मान हलवली. आठवत होतं. त्याबद्दल त्यांच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"बाबा कामावर होते. मला बरं वाटत नव्हतं म्हणून तुला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग तुझ्याकडं. त्या तुझ्याशी बोलल्या. तू म्हणालीस, बाळ झोपलंय. मला बरं वाटलं. मी विचारलं, झोपलंय ना? मग उठेल का? तू परत त्यांच्या तोंडाकडं बघितलंस. आणि मग तू मला म्हणालीस, नाही. मेलं."

आईचे हात तिथं थांबले. खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि तेजस्वीला त्याचा आवाज फार मोठा वाटला.

"तू काही चुकवलं नाहीस," आई म्हणाली. "एवढीशी होतीस आणि बरोबर सांगितलंस. मी रडत होते आणि तू माझ्यासमोर सरळ उभी होतीस. बाईंचं पुढचं बोलणं सुटायला नको म्हणून तू रडत नव्हतीस. बाळाचं दुःख होतंच. पण मला रात्री जाग येते ती तुझा तो चेहरा आठवून."

"आई, पण दुसरं कोण होतं सांगायला?"

"कुणीच नव्हतं. तेच म्हणतेय मी. माझी आई गेल्याचा फोन तू घेतलास. घरमालक ओरडला, ते तू ऐकलंस. जगातलं सगळं वाईट आधी तुझ्या अंगावरून जायचं आणि मग आमच्याकडं यायचं. बाबांनी आणि मी तेव्हाच ठरवलं होतं. अशी एक जागा करायची, जिथं आमचं आम्हाला निभावता येईल. तुला मधे उभं राहायला लागणार नाही. त्याला इतकी वर्षं लागली."

तेजस्वीच्या तोंडून हुंदका निघाला. तो आईला ऐकू जाणार नव्हता, पण दिसला.

"तुझ्या हातांनी तू आता मला तुझं सांग," आई म्हणाली. "पुण्यात काय खाल्लंस, कोण भेटलं, कुणावर चिडलीस. आजवर तू आम्हाला सगळ्या जगाचं सांगितलंस. तुझं किती सांगितलंस?"

कॉटवरून टाळ्या वाजल्या. बाबा जागे होते आणि केव्हापासून बघत होते कोण जाणे. त्यांनी फोन उचलून तेजस्वीला दाखवला. "आत्ताच्या आत्ता फोन कर. म्हण, चुकून नाही म्हणाले."

लॅबच्या बाईंनी फोनवर थोडी कुरकुर केली आणि पुढच्या महिन्यात हजर व्हायला सांगितलं.

पुण्यात तिचं बरं चाललं. पहिले काही आठवडे संध्याकाळी घरी आल्यावर तिला हात रिकामे वाटायचे. मग रोज व्हिडिओ कॉलवर गप्पा होऊ लागल्या. बाबांचं प्लास्टर निघालं. घरांवर कौलं चढली. शिमग्यानंतर दोन्ही कुटुंबं तिकडं राहायला गेली. पावसाळ्यात खाचरांत लावणी झाली, तेव्हा वाडीतल्या बायका मदतीला आल्या आणि मैमुनाचाचीनं त्यांना फणसाच्या रसाची सांदणं करून घातली. पाऊस संपेपर्यंत फोनला धड रेंज नव्हती. तुटक चित्रं यायची, हात मधेच गोठायचे. तेजस्वीला सलग सुट्टी मिळाली ती थेट डिसेंबरात.

ती न कळवता गेली. लांज्याहून रिक्षा केली, गाडीवाटेच्या तोंडाशी उतरली आणि पिशवी घेऊन चालत आली. गडग्याच्या बेड्याशी, आडव्या वाशांच्या फाटकाशी, ती थांबली.

भात कापून झालं होतं. खाचरांत कुळीथ हातभर वर आले होते आणि खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी रचलेली होती. कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या उघड्या होत्या. एका खिडकीत आई होती, समोरच्या खिडकीत मैमुनाचाची, आणि दोघींचं जोरात भांडण चाललं होतं. दुध्याच्या वेलावरून. वेल आईनं लावला होता आणि तो चाचीच्या कौलांवर चढला होता. पिठानं माखलेले हात दोन्हीकडून हवेत उडत होते. मधेच आईनं एक खूण केली. दोन बोटं गालाला लावून झटकली. चाची त्यावर पोट धरून हसायला लागली आणि भांडण मिटलं.

ती खूण तेजस्वीला माहीत नव्हती.

ती बेड्याशी उभी राहून विचार करत राहिली. खुणांची भाषा तिला आईच्या मांडीवर मिळाली होती. या घरातला एखादा शब्द आपल्याला कळत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. तिला क्षणभर वाईट वाटलं. मग तिचं तिलाच हसू आलं, कारण पुण्यातून ती काय काय सांगायचं ते मनात घेऊन आली होती, आणि त्यातलंही निम्मं आईला कळणार नव्हतं.

चाचीचं लक्ष गेलं. तिनं खिडकीच्या चौकटीवरचं बटण दाबलं. आईच्या स्वयंपाकघरात, पडवीत आणि गडग्यापलीकडं आप्पांच्या ओसरीवर, सगळीकडं एकदम लाल दिवे लागले. बाबा मागीलदारातून धावत आले, थोडे लंगडत. अस्लमचाचा विहिरीवरून आले. आप्पा काठी टेकत गडगा ओलांडून आले. कुणाला काय झालं म्हणून सगळे घाबरे झाले होते, आणि अंगणात तेजस्वी पिशवी घेऊन उभी होती.

बाबा पडल्यानंतर अस्लमचाचांनी ही तार ओढली होती. दोन्ही घरांत, विहिरीवर, गोठ्यात आणि आप्पांकडं एकेक बटण. कुठलंही दाबलं, की सगळीकडं दिवा.

"सगळ्यांत जास्त कोण दाबतं माहितीये?" बाबांनी तिला सांगितलं आणि आप्पांकडं बोट केलं. "चहा हवा असला की दाबतात."

आप्पांनी बोट ओळखलं. "काय सांगतोय तो?" त्यांनी तेजस्वीला विचारलं. "चायचा सांगतोय ना? त्याला सांग, गनपतीत मला ताप भरला, तवा पन दाबलं होतं मी. चौगं धावत आली. आठ दिस पेज ह्या दोघींनी पाजली मला. ते पन सांग म्हनावं."

तेजस्वीनं सांगायला हात उचलले. बाबांनी मान हलवली आणि आप्पांकडं बघून छातीवर थोपटलं. तुम्ही स्वतः सांगा.

आप्पांनी काठी काखेत धरली. जाड, वाकड्या बोटांनी त्यांनी ताप सांगितला, चार बोटं दाखवून धावणं सांगितलं, पेज सांगितली. मग तेजस्वीकडं बोट दाखवून मोठ्या डौलानं बाबांना आणखी काहीतरी सांगितलं. चौघांच्या चेहऱ्यांवर एकदम हसू फुटलं. अस्लमचाचा तर उकिडवेच बसले.

"काय चुकलं?" आप्पांनी विचारलं. "मी म्हनालो, तुजी लेक आली."

"तुम्ही म्हणालात, तुझी म्हैस आली," तेजस्वी म्हणाली.

आप्पा विचारात पडले. "दोन्ही खुना जवळजवळ हायत," ते म्हणाले. "माजा काय दोस नाय."

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि दुध्याची भाजी होती. चाचीनं तिच्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी मुद्दाम वाटली. जेवताना तेजस्वी बोलत होती. खोलीत तिच्याबरोबर राहणारी विदर्भातली मुलगी कशी रोज तिखटाचा डबा काढते, ते सांगितलं. लॅबमधल्या बाई कशा चिडतात त्याची नक्कल केली. विनीत नावाच्या मुलाबद्दल थोडंसं सांगितलं आणि लगेच विषय बदलला. आईनं तो बदलू दिला नाही. तिला त्याची उंचीसुद्धा हवी होती.

"त्याला हातांनी बोलता येतं का?" बाबांनी विचारलं.

"शिकतोय," तेजस्वी म्हणाली. "आप्पांएवढं येतं."

मग तिनं आईला ती दोन बोटांची खूण विचारली. आईनं चाचीकडं बघितलं. दोघी लाजल्यासारख्या झाल्या. ती त्यांनी इथं आल्यावर केली होती. भांडण नको झालं, की कुणीतरी ती करायची. अर्थ असा, की चल, पुढं एकाच विहिरीवर कपडे धुवायचेत. लग्नात, पाहुण्यांत, एसटीत अशा खुणेचा उपयोग नाही, ती इथलीच. आईनं तेजस्वीची दोन बोटं धरून तिच्या गालाला लावली आणि नीट झटकायला शिकवलं.

दुपारी आईनं तिच्यासाठी ती जादाची खोली उघडली. खिडकीत बाबांनी केलेलं बाकडं होतं आणि खाटेवर नवी गोधडी. पुढच्या आठवड्यात गुहागरहून एक विधवा बाई बघायला येणार होत्या, बाबा आणि चाचांच्या शाळेतल्याच, त्यांच्या एक वर्ष पुढच्या. पटलं तर त्या इथंच राहणार होत्या. तोवर खोली तेजस्वीची.

"आवरू का काही? भांडी घासू?" तेजस्वीनं विचारलं.

"झोप," आई म्हणाली आणि गेली.

तेजस्वी आडवी झाली. पलीकडं चाचीनं भांड्यांचा ढीग दगडी डोणीत ओतला तो धाडकन. आईनं पाट सरकवला, दार आपटलं, पातेल्यावर झाकण आदळलं. विहिरीवर अस्लमचाचा पंप सुरू करून बघत होते आणि तो खोकत होता. बाबा त्याच फळीवर रंधा पुन्हा पुन्हा खरखरत ओढत होते. आवाजाची पर्वा करणारं त्या दोन्ही घरांत कुणीच नव्हतं. पुण्याच्या खोलीत जिन्यावर पाऊल वाजलं तरी तिला जाग यायची. इथं त्या सगळ्या खडखडाटात तिला गाढ झोप लागली, आणि उन्हं उतरेपर्यंत तिला कुणी उठवलं नाही.